सिंकच्या मिक्सरची दांडी डुगडुगते, घरच्या घरी बसवता येईल का?

ओट्यापाशी
नमस्कार मंडळी. स्वयंपाकघरातल्या सिंकला सिंगल लिव्हर मिक्सर आहे. एकच दांडी, वर उचलली की पाणी, डावीकडे गरम, उजवीकडे गार. फ्लॅट घेतला तेव्हापासून हाच नळ आहे. गेले काही दिवस ही दांडी डुगडुगायला लागली आहे. आधी नुसती हलायची, आता गरमाकडे नेताना थोडी रिकामीच फिरते आणि मग पाणी बदलतं. सासूबाईंना ती ओल्या हाताने धरवत नाही.

प्लंबर येऊन पाहून गेला. हात लावला, हलवून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे आता गेलं, नळच बदलून टाका." नवीन नळाचे चार-साडेचार हजार, मजुरी वेगळी. तोटी, पाण्याचा जोर, चकाकी सगळं ठणठणीत असताना एका दांडीसाठी अख्खा नळ बदलायचा हे पटत नाहीये. घरी स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि एक स्लाइड पाना आहे. कुणी हे स्वतः केलंय का? नेमकं काय आवळायचं? वरून एकही स्क्रू दिसत नाही.

चहाबिस्कीट
फेविक्विकचे दोन थेंब. पाच रुपयांत काम. 😄

पक्कडवाला
चहाबिस्कीट, गंमत म्हणून ठीक आहे, पण कुणी खरंच करेल म्हणून लिहितो: फेविक्विक, एम-सील, अराल्डाइट यातलं काहीही दांडीत घालू नका. आज हलायची थांबेल, पण पुढे आतलं कार्टरिज (पाणी सोडणारा-अडवणारा भाग) बदलायची वेळ आली की दांडी निघणारच नाही. मग प्लंबरचं म्हणणं खरं होईल.

ओट्यापाशी, आधी तीन गोष्टी सांगा.
नुसती दांडी हलते की तिच्याखालची गोल टोपीही? की अख्खा नळच सिंकवर डुलतो?
दांडीच्या मुळाशी पाणी दिसतं का?
दांडीच्या मागच्या किंवा खालच्या अंगाला लाल-निळं बारीक बटण आहे का? करंगळीच्या नखापेक्षा लहान असतं, बऱ्याच जणांना ते शोभेचं वाटतं.

ओट्यापाशी
नळ पक्का आहे, खालून अजिबात हलत नाही. टोपी हलते का ते कळत नाही, दांडीबरोबर काहीतरी हलतं खरं. लाल-निळं बटण आहे, मागच्या बाजूला! मुळाशी भांडी घासताना थोडं पाणी जमतं, पण मी ते ओल्या हातांचं समजत होते.

पक्कडवाला
ते पाणी महत्त्वाचं आहे. पुसून कोरडं करा, तुम्ही हात न लावता दुसऱ्या कुणाला तरी नळ चालू करायला सांगा आणि मुळाशी बघा. तिथून पाझरत असेल तर गोष्ट दांडीच्या स्क्रूच्या पुढची आहे.

आता नीट सांगतो. या नळात हलण्यासारख्या जागा तीन आहेत आणि वरून तिन्ही सारख्याच दिसतात. म्हणून पाना फिरवण्याआधी नेमकं काय सैल झालंय ते शोधायचं. तुमच्या प्लंबरने तेवढंच केलं नाही.

पहिली जागा म्हणजे दांडीचा स्क्रू. ते लाल-निळं बटण नखाने किंवा ब्लेडच्या टोकाने अलगद काढा. आत भोक दिसेल. भोकात बिनडोक्याचा बारीक स्क्रू असतो, त्याला सहा कोनी खाच असते. दुकानात त्याला ग्रब स्क्रू म्हणतात. त्याला एलन की लागते, बहुतेक २.५ मिमी, काही नळांना ३, क्वचित २. सुटी किल्ली आणू नका, अख्खा सेट घ्या, पुढे सायकल आणि फर्निचरलाही लागतो. किल्ली पूर्ण आत बसली पाहिजे. अर्धवट बसवून जोर लावला की खाचेचे कोन गोल होतात आणि मग खरी डोकेदुखी. घड्याळाच्या दिशेने आवळून बघा. पाव-अर्धा फेरा फिरला आणि दांडी घट्ट झाली तर काम संपलं, बटण दाबून बसवा आणि चहा प्या.

स्क्रू आधीच घट्ट असेल किंवा आवळूनही फरक पडला नाही तर पुढे चला. त्याआधी सिंकच्या जाळीत एक फडकं कोंबा. तो स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो, एकदा पाइपात गेला की गेला. आता स्क्रू उलटा फिरवून सैल करा, पूर्ण काढायची गरज नाही, आणि दांडी सरळ वर ओढा.

दांडी निघाली की मध्ये एक चौकोनी खुंटी दिसेल. ती कार्टरिजची. कार्टरिज म्हणजे आतला प्लॅस्टिकचा डबा, ज्यात चिनी मातीच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात आणि पाणी सोडतात किंवा अडवतात. खुंटी चिमटीत धरून हलवा. अख्खा डबाच हलत असेल तर त्याला दाबून धरणारा नट सैल आहे. ही दुसरी जागा. डबा स्थिर आहे पण खुंटी एकटीच आत खुळखुळते, तर कार्टरिज झिजलंय. ही तिसरी. खुंटीही घट्ट असेल तर दोष दांडीच्या भोकात किंवा स्क्रूतच आहे. तेव्हा एवढं बघा की ग्रब स्क्रूचं टोक खुंटीच्या सपाट बाजूवर टेकतंय, कोपऱ्यावर नाही. कोपऱ्यावर टेकलं तर आवळल्यासारखं वाटतं आणि आठवड्यात परत सैल होतं.

आणि हो, नुसती दांडी काढायला पाणी बंद करावं लागत नाही. नटाला हात लावायचा असेल तर मात्र सिंकखालचे दोन्ही अँगल कॉक (गरम-गार पाणी बंद करायच्या चाव्या) बंद केल्याशिवाय लावू नका. कार्टरिजखाली टाकीचा दाब असतो. नट निघाला की डबा उडतो आणि पाणी थेट छताकडे.

मुक्काम न्यू जर्सी
पक्कडवाल्यांचं सगळं मान्य. परदेशातल्या वाचकांसाठी भर घालतो. अमेरिकेत घेतलेल्या नळांचे ग्रब स्क्रू बहुतेक इंचातल्या मापाचे असतात, ३/३२, ७/६४, १/८. भारतातून आणलेला मिमीचा सेट त्यात 'जवळजवळ' बसतो, आणि घात तिथेच होतो. १/८ म्हणजे सुमारे ३.२ मिमी. मिमीची ३ ची किल्ली त्या खाचेत बसल्यासारखी वाटते, पण जोर लावला की घसरते आणि कोन खाते. उलटही खरं आहे, मुलाने भेट म्हणून पाठवलेला इंची सेट पुण्यातल्या नळावर वापरू नका.

सांडशी
ओट्यापाशी ताई, तुमच्याकडे बोअरचं पाणी येतं का? आमच्याकडे उन्हाळाभर बोअर आणि टँकर. त्या क्षारांनी हा बारीक स्क्रू असा काही धरतो की किल्ली वाकेल पण तो फिरत नाही. अशा वेळी जोर लावू नका. कापसाच्या काडीने पांढरं व्हिनेगर भोकात सोडा, अर्धा तास थांबा, पुसा, मग फिरवा. गंज असेल तर डब्ल्यूडी-४० आणि रात्रभर तसंच. व्हिनेगर बाहेरच्या चकाकीवर सांडलं तर लगेच धुवायचं. बाथरूम साफ करायचं ॲसिड तर नळाच्या आसपासही नको, क्रोम पार काळं करतं.

आणखी एक. दांडीखालची गोल टोपी आटे असलेली असते, हातानेच उलटी फिरवून निघते. निघत नसेल तर भांडी घासायचा रबरी हातमोजा घालून फिरवा. पक्कड लावायचीच असेल तर मध्ये जाड कापड. आमच्या नळावर आधीच्या भाडेकरूंच्या पकडीचे दात आजही दिसतात.

तळमजला
भाड्याचं घर असेल तर आधी मालकाला फोटो पाठवा. आवळणं वेगळं, पण कार्टरिज काढायला गेलात आणि काही फुटलं तर डिपॉझिटवरून वाद. स्वतःचं असेल तर वॉरंटी कार्ड शोधा. चांगल्या कंपन्यांची नळांवर बरीच वर्षं वॉरंटी असते आणि कंपनीचा माणूस घरी येऊन कार्टरिज बदलून देतो. फक्त बिल लागतं, जे कुणालाच सापडत नाही.

कोकणातून
सगळे मिक्सरबद्दल बोलताहेत म्हणून आमच्यासारख्या जुन्या नळवाल्यांसाठी लिहितो. आमच्याकडे पितळेचा साधा नळ, वरची मूठ गोल गोल फिरवायची. मूठ डुगडुगते तेव्हा मुठीच्या डोक्यावरची टोपी काढा, खाली साधा स्क्रू असतो, तो आवळा. मूठ घट्ट झाली पण दांड्यापासून पाणी झिरपतं, तर ग्लँडचा नट (मुठीखाली दांड्याभोवती असतो तो) थोडा आवळा. तरीही झिरपलं तर नट वर घेऊन खाली दोरा किंवा टेफ्लॉन टेप गुंडाळून परत बसवा. आणि तोटीतून थेंब पडत राहिले तर तो वायसर. मूठ कितीही आवळलीत तरी ते थांबणार नाहीत, उलट जोराने बंद करून वायसर लवकर खाल्ला जातो.

अर्ध्या फेऱ्यात चालू-बंद होणारे आजकालचे नळ आहेत, त्यांच्या मुठीच्या आतले दाते झिजतात. स्क्रू घट्ट, तरी मूठ रिकामी फिरते. तात्पुरतं म्हणून स्पिंडलच्या (मूठ बसते त्या दांड्याच्या) दात्यांवर टेफ्लॉनचे दोन वेढे देऊन मूठ दाबून बसवा, काही महिने जातात. कायमचं करायचं तर मूठ किंवा स्पिंडल नवीन. जुनं घेऊनच दुकानात जा, दात्यांची संख्या कंपनीगणिक वेगळी असते.

चहाबिस्कीट
ग्रब स्क्रू परत परत सैल होतो त्याला काय करायचं? गंभीरपणे विचारतोय आता.

पक्कडवाला
स्क्रू काढून आटे कोरडे पुसा आणि लॉकटाइटचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, एक थेंब. जांभळं २२२ मिळालं तर उत्तम, ते बारीक स्क्रूंसाठीच आहे. नाहीतर निळं २४३. लाल अजिबात नको, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. मिळालं नाही तर आट्यांवर टेफ्लॉनचा एक पातळ वेढा, तेवढ्यानेही फरक पडतो.

आणि खाचेचे कोन गोल झाले असतील तर किंचित मोठ्या मापाची तारा-टोकाची टॉर्क्स किल्ली हलकेच ठोकून बसवा. बहुतेक वेळा धरते. स्क्रू निघाला की तोच परत घालू नका, नवीन चिल्लर पैशांत मिळतो.

ओट्यापाशी
अपडेट! बटण निघालं, २.५ ची किल्ली बसली. ग्रब स्क्रू आधीच घट्ट होता. मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे दांडी काढून खुंटी हलवली तर अख्खा डबाच हलत होता. कोरडं पुसून पाहिल्यावर मुळाशी पाझरतही होतं. म्हणजे नट. अँगल कॉक बंद केले, टोपी रबरी मोज्याने निघाली (सांडशी ताई, साष्टांग!), खाली पितळेचा रुंद नट आहे. पण माझा स्लाइड पाना तेवढा उघडत नाही. आता? आणि किती आवळायचा?

पक्कडवाला
शाब्बास. मोठा स्लाइड पाना सोसायटीच्या वॉचमनकडे किंवा शेजारच्या गाडीवाल्याकडे मिळेल, एका कामासाठी विकत घेऊ नका. अँगल कॉक बंद केल्यावर आतला दाब जायला हवा. दांडी नुसती खुंटीवर ठेवून नळ उघडा, उरलेलं पाणी वाहून जाऊ द्या. मग नट हाताने जेवढा फिरेल तेवढा फिरवा आणि पान्याने त्यापुढे जेमतेम अष्टमांश फेरा. दांडी लावून बघा. जड चालत असेल तर जरा मागे घ्या. जास्त आवळलं की डबा दबून चकत्या घासतात आणि दांडी ओढायला दोन हात लागतात.

नट आवळूनही पाझर थांबला नाही तर कार्टरिज काढून दुकानात न्या. घरगुती नळांत ३५ आणि ४० मिमी व्यासाची जास्त चालतात. पण व्यास जुळला म्हणजे झालं असं नाही, बुडाच्या दोन खुंट्या आणि वरच्या चौकोनी खुंटीची उंचीही जुळली पाहिजे. साधं दोन-तीनशेला मिळतं, कंपनीचं त्याहून बरंच महाग, पण मी कंपनीचंच घेईन. बसवताना बुडाच्या खुंट्या खाचांत नीट बसवा आणि आतली बैठक कपड्याने पुसा. क्षाराचा एक कण राहिला तरी नवीन कार्टरिजही पाझरेल.

सांडशी
आणि सगळं झाल्यावर तोटीच्या टोकाची जाळी काढून मगच पाणी सोडा. लाइन बंद-चालू केली की सुटलेला कचरा सगळा तिथे अडकतो आणि मग "नळाचा जोर कमी झाला" म्हणून नवा धागा येतो.

ओट्यापाशी
झालं! पाना खालच्या मजल्यावरच्या काकांकडे मिळाला. तेवढाच आवळला, दांडी एका बोटाने फिरते, मुळाशी कोरडं. जाळीत खरंच वाळू होती, मूठभर नाही पण चिमूटभर नक्की. खर्च फक्त एलन कीच्या सेटचा. सासूबाईंनी नळ चार वेळा उघडून बंद केला आणि विचारलं, बाथरूमचाही करशील का.

तळमजला
याच धाग्यात घुसतो. आमची दांडी पक्की आहे पण अख्खा नळ सिंकवर डुलतो. पत्र्याचं सिंक. प्लंबर येतो, खालून आवळून जातो, दोन महिन्यांत परत तेच.

पक्कडवाला
सिंकखाली वाकून टॉर्च मारा. एक किंवा दोन लांब बोल्ट, त्यावर अर्धचंद्र पट्टी आणि नट दिसेल. नट सैल असतोच, पण तुमचं मूळ कारण पत्रा आहे. पातळ पत्रा दांडी ओढली की लवतो आणि नट सुटत जातो. पट्टीच्या वर, पत्र्याला टेकून, वॉटरप्रूफ प्लायचा किंवा जाड प्लॅस्टिकचा तळहाताएवढा तुकडा भोक पाडून घाला आणि मग आवळा. दोन माणसं लागतात, एक वर नळ सरळ धरायला. आवळताना वरचा फिरला तर खालचे कनेक्शन पाइप पिळले जातात, तेवढं सांभाळा. नटापर्यंत पाना पोचत नाही ही नेहमीची तक्रार, त्याला लांब नळीचा बॉक्स पाना घ्या.

तळमजला
प्लायचा तुकडा आहे घरात. रविवारी मुलाला वर उभा करतो.