छतावरचं पाणी थेट विहिरीत सोडावं का?

नदीकाठचा
आमची सोसायटी बोरिवली पूर्वेला, दहिसर नदीला लागून. आवारात जुनी दगडी विहीर आहे. यंदा कमिटीने ठरवलंय की गच्चीचे पाइप थेट विहिरीत सोडायचे आणि पार्किंगमधलं पाणीही तिकडेच वळवायचं. माझा विरोध आहे. पावसाचं पाणी स्वच्छ असतं ते गच्चीवर पडेपर्यंत. तिथे कबुतरांची विष्ठा, धूळ, डांबराचा थर. पार्किंगमध्ये सांडलेलं ऑइल. जमिनीत मुरताना माती यातलं बरंच अडवते. थेट सोडलं की ती गाळणीच गेली. त्यात आपल्याखाली काळा कातळ. पाणी त्याच्या भेगांतून पळतं आणि भेगा काही गाळत नाहीत. आज आमच्या विहिरीत पडलेलं उद्या शेजारच्या बोअरला लागेल.

दौलतनगरवाला
अजिबात पटलं नाही. हिशेब करा. ३०० चौरस मीटर गच्ची आणि हंगामाचा साधारण २२०० मिमी पाऊस, म्हणजे साडेसहा लाख लिटर. वाया जाणारं वजा केलं तरी पाच लाख. १०,००० लिटरचे ५० टँकर आपण गटारात सोडतो! एप्रिल २०२५मध्ये विहिरी-बोअरच्या परवानगीवरून टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा आईला घेऊन राहणाऱ्या मी चौथ्या मजल्यावर बादल्या चढवल्यात. विहिरीचं पाणी कोणी पिणार नाहीये, फ्लशला आणि झाडांना वापरायचंय.

वाळकेश्वरकर
दौलतनगरवाल्यांशी सहमत, कारण मात्र वेगळं. आमचं बाणगंगा तळं समुद्रापासून काही पावलांवर, तरी पाणी गोडं. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर १७२५ची, तिचंही गोडंच. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. ढोबळ हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर खाली चाळीसेक फूट टिकतं. उपसून वरची पातळी एक फूट उतरली की खालून खारं हळूहळू चाळीसेक फूट वर चढतं. किनाऱ्याजवळच्या विहिरी एकदा खारावल्या की परत गोड व्हायला वर्षानुवर्षं जातात. म्हणून भरण, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत परत सोडणं, हवंच, आणि लवकर हवं.

कांदिवलीची सून
गच्चीपेक्षा ड्रेनेजची भीती बाळगा. आमच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये मैल्याची लाइन विहिरीपासून आठ-दहा फुटांवर फुटली होती. वास येईपर्यंत कुणाला कळलंच नाही आणि तोवर बायका त्याच पाण्यात कपडे धूत होत्या. मैल्यातून नायट्रेटही उतरतं. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. फ्लशपुरतं म्हणून जोडलेलं पाणी मे महिन्यात स्वयंपाकघरात पोहोचतं, हे मी पाहिलंय.

नदीकाठचा
वाळकेश्वरकर, भरणाला माझी ना नाहीच. विहिरीच्या बाजूला खड्डा खणा, तळाशी दगड, वर खडी, त्यावर जाड रेती. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर काढून द्या, मग खड्ड्यात घ्या. जंतू रेतीने पुरते जात नाहीत, म्हणून वर्षातून दोनदा तपासणी. पार्किंगचा पाइप मात्र कायमचा बंद.
आणि हा प्रश्न आमच्या कंपाउंडपुरता नाही. आम्ही दहिसर नदीच्या पाणलोटात राहतो. तुळशी तलावाकडून राष्ट्रीय उद्यानातून ती नितळ येते, वस्तीत शिरली की सांडपाण्याने आणि गोठ्यांच्या शेणाने काळी पडते. जमिनीत मुरलेलं पाणीही उताराने शेवटी तिच्याकडेच जातं. तिच्यात अजून भर आपण का घालायची?

दौलतनगरवाला
पार्किंगचं मान्य. पण खड्ड्याला ठराव, कोटेशन, वर्गणी... पाऊस निघून जाईल. गच्चीचा पाइप याच जूनमध्ये जोडा, खड्डा दिवाळीनंतर खणा.

नदीकाठचा
नाही. एकदा जोडलेला पाइप नंतर कोणी काढत नाही. रविवारच्या सभेत वर्गणीचा पहिला हप्ता मीच ठेवतो, खड्डा मे संपायच्या आत खणू.