बैलावरच्या क्रौर्याला आजही पन्नास रुपयेच दंड का?

महालकर

नमस्कार. मे महिन्यातल्या एका दुपारी, साडेबाराच्या सुमारास, नागपूरच्या इतवारीतून घरी येताना लोखंडी सळ्यांनी भरलेली एक बैलबंडी रस्त्यात अडलेली दिसली. डावीकडच्या बैलाने बसकण मारली होती. जू सरकल्यामुळे त्याच्या खांद्यावरची जखम उघडी पडली होती. तिच्यावर हळद लावलेली होती आणि हळदीवर माश्या बसल्या होत्या. धुरकरी एका हाताने बाटलीतले पाणी बैलाच्या तोंडात ओतत होता आणि दुसऱ्या हाताने त्याची शेपटी पिरगाळत होता. मी जवळच्या पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की, या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्यांना तपासही सुरू करता येत नाही.

याच राज्यात बैलाची कत्तल केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निवडणूक आली की गोवंशाचा विषय निघतो, अधिवेशनात त्यावर गदारोळ होतो. मग जिवंत बैलाच्या हालांबद्दलचा कायदा 1960 मध्ये होता तिथेच का राहिला? हे राज्याच्या अधिकाराबाहेरचे आहे, की कोणाला करायचेच नाही? जाणकारांनी कृपया सांगावे.

वकिलीण, सिव्हिल लाईन्स

महालकर, हवालदारांनी आपल्याला दिलेली माहिती बरोबर आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या केंद्रीय कायद्यातील कलम 11 प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत गुन्हा पुन्हा घडला, तर 25 ते 100 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अतिरिक्त ओझे लादणे, मारहाण करणे, जखमी जनावर कामाला जुंपणे हे सर्व अदखलपात्र आहे. उलट महाराष्ट्राचा 1976 चा प्राणी संरक्षण कायदा पाहा. 1995 मध्ये युती सरकारच्या काळात विधिमंडळाने त्यात बैल आणि वळूंचा समावेश केला. राष्ट्रपतींची संमती 2015 मध्ये मिळाली आणि तेव्हापासून पाच वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड लागू आहे. परराज्यातून आणलेले गोमांस जवळ बाळगण्याबाबतचे कलम उच्च न्यायालयाने 2016 मध्ये रद्द केले, परंतु कत्तलीवरील बंदी कायम राहिली.

आपल्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, आहे. क्रूरता प्रतिबंध हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा, विषय असल्यामुळे राज्यालाही या केंद्रीय कायद्यात, राष्ट्रपतींच्या संमतीने, दुरुस्ती करता येते. आणि महाराष्ट्राने ती केलेलीही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातल्यानंतर 2017 मध्ये आपल्या विधिमंडळाने याच 1960 च्या कायद्यात बदल करून शर्यतींना वाट मोकळी करून दिली. त्या वेळी सरकार युतीचे होते; डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून शर्यतींना परवानगी मिळाली, तेव्हा ते महाविकास आघाडीचे होते. या मुद्द्यावर पक्षापक्षांत मतभेद नव्हता. मे 2023 मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

त्या दुरुस्तीतली एक तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. शर्यतीच्या अटी मोडून बैलाला इजा केली, तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे दंड वाढवता येतो हे विधिमंडळाने स्वतःच दाखवून दिले आहे. शर्यतीच्या बैलामागे गाडामालक होते, गावोगावचे प्रेक्षक होते, न्यायालयाने बंदी घातली म्हणून मोर्चे निघाले होते. इतवारीतल्या बैलासाठी कोणीही आमदाराच्या घरी गेलेले नाही. केंद्राने 2022 मध्ये दंड व शिक्षा वाढवणारा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता, पण त्याचा कायदा झालेला नाही.

आणखी एक. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनुसार, तापमान 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर कामाला जुंपता येत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात याचा अर्थ जवळजवळ रोज असा होतो.

काळी माती, कुही

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोणी आणि हळद लावून शेकतात आणि त्याला म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." त्यामुळे महालकरांनी जे लिहिले, ते वाचून मला फार त्रास झाला, कारण तसा एक बैल मीच दिलेला आहे.

माझ्या वडिलांच्या काळात थकलेला बैल बाजारात जायचा आणि त्या पैशात थोडी भर घालून नवा गोऱ्हा दावणीला यायचा. तो बैल पुढे कुठे जातो, हे सगळ्यांना माहीत असायचे आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे. 2015 नंतर ते गिऱ्हाईक गेले. 2019 मध्ये माझा बैल लंगडू लागला. दोन एकरांच्या कुटारात दोन गाई सांभाळायच्या की काम न करणारा बैल, असा प्रश्न होता. शेवटी मी तो नागपूरच्या एका बंडीवाल्याला फार कमी पैशात दिला. तो त्याला पडेपर्यंत ओढायला लावणार, हे मला कळत होते. मी कत्तलीची बाजू घेत नाही. पण जो कायदा बैलाला सुरीपासून वाचवतो आणि त्यानंतर त्याच्याकडे पाहत नाही, त्याने बैलाचे रक्षण केले असे मी म्हणू शकत नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये देशी गाईला राज्यमाता जाहीर केले आणि गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला पन्नास रुपये देण्याचे ठरले. शेतकऱ्याच्या दावणीला बांधलेल्या म्हाताऱ्या बैलाला त्यातून काही मिळत नाही. तेवढे मिळाले असते, तर मी तो दिला नसता.

संत्रानगरी

दंड पाच लाख केला, तर तो त्या धुरकऱ्याच्या डोक्यावर बसेल, याचाही विचार व्हावा. सळ्या भरून देणारा व्यापारी मोकळाच राहणार का?

वकिलीण, सिव्हिल लाईन्स

राहू नये. स्वतः क्रूरता करणाऱ्याइतकाच ती करवून घेणाराही कलम 11 प्रमाणे दोषी ठरतो. त्याच्यावर खटला भरला जात नाही, ही गोष्ट वेगळी. काळी माती दादा, आपण एवढे मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दंडवाढीच्या मागणीसोबत घरी सांभाळलेल्या बैलाच्या चाऱ्याची मागणीही जोडली पाहिजे, हे मला आपल्यामुळे पटले.

महालकर

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आपल्याच शहरात भरते. आमच्या भागातल्या आमदारांना भेटून अशासकीय विधेयक मांडण्याची विनंती करण्याचा माझा विचार आहे: ओझ्याच्या जनावरांसाठी शर्यतीच्या दुरुस्तीतलीच शिक्षा, गुन्हा दखलपात्र, माल भरून देणाऱ्यावर जबाबदारी आणि म्हाताऱ्या बैलाच्या मालकाला चाऱ्याचे पैसे. ताई, मसुदा आपण तपासून द्याल का?

वकिलीण, सिव्हिल लाईन्स

अवश्य पाठवा. तोपर्यंत अशी बंडी पुन्हा दिसली, तर बैलाच्या खांद्याचे छायाचित्र वेळेसह काढा, त्या दिवसाचे तापमान लिहून ठेवा आणि शक्य झाल्यास मालाची काटापावती मिळवा. वजनाचा पुरावा नसेल, तर अतिरिक्त ओझ्याचा आरोप न्यायालयात टिकत नाही.