थंडीनेही प्रथिनं उलगडतात

तापमान वाढलं की रेणू जास्त थरथरतात आणि त्यांची घडी, म्हणजे ठरलेला आकार, मोडते, असं सहसा म्हटलं जातं. हा मुद्दा डीएनएला चांगला लागू पडतो: दोन धागे सुटतात, २६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाचं शोषण ४० टक्क्यांच्या आसपास वाढतं. पण प्रथिनांच्या बाबतीत पाण्याला विसरून चालणार नाही. प्रथिनाच्या जलद्वेषी (पाण्याशी न जमणाऱ्या) भागांभोवती पाण्याचे रेणू जास्त शिस्तीत बांधले जातात. ते भाग एकत्र आले की पाणी मोकळं होतं, एंट्रॉपी (विस्कळीतपणा) वाढते, आणि तापमान जास्त तसा तिचा प्रभाव जास्त. म्हणूनच इलॅस्टिनसारखी (त्वचेला लवचीकपणा देणाऱ्या प्रथिनासारखी) पॉलिपेप्टाइड्स, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या, थंड द्रावणात विरघळलेली राहतात, तापवल्यावर द्रावण गढूळ होतं आणि थंड केल्यावर पुन्हा निवळतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते याचं दुसरं टोक. पुरेशा थंडीत जलद्वेषी भागांची ही पकड सैल पडते आणि काही प्रथिनं चक्क उलगडतात. यीस्टमधलं फ्रॅटॅक्सिन हे प्रथिन, क्षार कमी असतील तर, पाणी गोठण्याआधीच उलगडू लागतं.

जिलेटिनचं उलट, तिथे थंडीत साखळ्यांची तिपदरी वेटोळी जुळतात.

आणि प्रयोग करणाऱ्यांनी तापवताना आणि थंड करताना, दोन्ही वेळी तापमानानुसार होणाऱ्या बदलाचे आलेख जरूर काढावेत, कारण मोडण्याचं आणि जुळण्याचं तापमान वेगळं असू शकतं. अ‍ॅगारोजचं जेल (समुद्री शेवाळातल्या शर्करेच्या साखळ्यांचं) ८५ अंश सेल्सिअसच्या वर वितळतं, पण पुन्हा जमण्यासाठी ते ४० अंशांच्या खाली उतरावं लागतं.