जिम्नीच्या मागं रिसीव्हर, सायकल कॅरिअर सगळं आधीच आहे, आता नव्या सायलेन्सरचा पाइप काढू कुठून?

जिम्नीवाला_४९
भाऊंनो सल्ला पाहिजे. २०२३ ची मारुतीची जिम्नी आहे, मॅन्युअल. घेतल्यापासून मागच्या बाजूला एकेक करत बरंच लावून बसलो. लोखंडी बंपर, त्यात दोन इंची रिसीव्हर (कॅरिअर खुपसायची चौकोनी नळी), रिसीव्हरमधे दोन सायकलींचं कॅरिअर, अन् डाव्या कोपऱ्यात जेरी कॅनचा ब्रॅकेट. बायको म्हणते गाडी आहे का भांड्याचं दुकान. आता हौसेनं एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) कॅट-बॅक सायलेन्सर, म्हणजे कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा पाइप अन् डबा, मागवला तर ते किट कंपनीच्या प्लास्टिक बंपरच्या मापाचं आहे हे मले खोकं उघडल्यावर समजलं.

काल घरीच चॅसीला जॅक लावून गाडी उचलली अन् नुसतं लटकवून पाहिलं. मफलरचा (आवाज दाबणारा) डबा रिसीव्हरच्या आडव्या पाइपला टेकून राहिला. टिप, म्हणजे पाइपचं शेवटचं टोक, बंपरच्या आतच दोन बोटं राहते. थोडं फिरवलं की टिप बाहेर येते पण मग ती नेमकी सायकलच्या चाकासमोर. एक्सलच्या वरून पाइप मात्र मस्त मोकळा जाऊन राहिला, तिथं काहीच अडचण नाही.

आता तीनच रस्ते दिसतात. बंपर कापायचा, नाहीतर पाइप छोटा करून डाव्या बाजूनं मागच्या चाकाच्या आधीच बाहेर काढायचा, नाहीतर किट परत (दुकानदार घेणार नाही म्हणते). दर रविवारी पहाटे सायकली लादून रामटेककडं जातो, म्हणून कॅरिअर काढायचं नाही.

टर्रीपोहा
१४६२ सीसीचं बिनटर्बोचं इंजिन, १०५ पीएस, त्यात कॅट तसंच ठेवून मागचा डबा बदलून किती ताकद भेटणार बे? आवाजच पाहिजे असंल तर काचा खाली कर, टायरचा येते की.

जिम्नीवाला_४९
आवाजासाठीच घेतलाय भाऊ, खोटं कशाला बोलू. 😄

धरमपेठची_सायकलवाली
बाकीचं तुम्ही बघा, मी फक्त सायकलचं सांगते कारण मी हे पैसे मोजून शिकले आहे. आमच्या जुन्या हॅचबॅकला पट्ट्यांचं कॅरिअर होतं, मे महिन्यात चिखलदऱ्याला निघालो, सायकल नीट बांधली, लाल फडकं लावलं, सगळं केलं आणि पुढचं चाक खाली लोंबत होतं ते बरोबर सायलेन्सरच्या तोंडासमोर, अंतर म्हणाल तर एक वीत. अमरावतीच्या अलीकडे चहाला थांबलो तोवर काहीच झालं नव्हतं. घाट चढून वर गेलो आणि बघते तर टायरची एक बाजू चकचकीत झालेली, बोट लावलं तर चिकट, ट्यूब कधीच फुटलेली. सपाट रस्त्यावर निभावलं, घाटात खालच्या गिअरला इंजिन ताणलं तेव्हा भाजलं. रिम अल्युमिनियमची होती म्हणून वाचली. कार्बनची असती तर तिच्यातलं रेझिन मऊ पडून रिमच गेली असती, आणि ते नेहमी डोळ्यांना दिसतंच असं नाही, उतारावर ब्रेक दाबल्यावर कळतं.

नुसतं अंतर मोजू नका दादा, टिपचं तोंड कुठे आहे ते बघा. गरम हवा सरळ मागे जाते आणि वर उठते. सायकल उलट्या दिशेने लावली तर कधी कधी तेवढ्यानेच चाक बाजूला सरकतं, फुकटातला उपाय आहे, आधी तो करून बघा.

वाडीचा_आर्गनवाला
सायलेन्सर बनवायचंच काम करतो म्हणून जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, चॅसीला जॅक लावून पाहिलं तिथंच चुकलं. जिम्नीचा मागचा एक्सल अखंड आहे, कॉइल स्प्रिंगवर. चॅसी उचलली की एक्सल खाली लोंबते अन् त्याच्यावरून जाणारा पाइप मोकळा दिसते. सायलेन्सर टांगलेला आहे चॅसीला, तो जागेवरच राहते, पण गाडी खाली उतरवून मागं दोन माणसं, सामान अन् सायकली ठेवल्या की एक्सल वर येते. तू म्हणतो ना तिथं अडचण नाही, खरी अडचण तिथंच निघंल. गाडी चार चाकांवर उभी पाहिजे. आमच्याकडं खड्डा आहे, ज्याच्याकडं चारखांबी लिफ्ट आहे तिथंही चालते.

दुसरी, पाइप थंडा असताना जेवढा असते तेवढा गरम झाल्यावर राहत नाही. ३०४ चं एसएस लोखंडापेक्षा जास्त पसरते. अडीच मीटरचा पाइप सरासरी २०० डिग्रीनं तापला तर लांबीला ८-९ मिलिमीटर वाढते, अन् पुढं इंजिनकडं बांधलेला आहे म्हणून ती वाढ सारी मागं सरकते. वरून गिअर टाकताना इंजिन हलते तेही पाइपला येते. म्हणून रिसीव्हरपासून चहूबाजूनं २५ मिमी सोडतो मी. २५ चा लाकडी गुटका ठेवला आहे, तो सगळीकडं फिरला पाहिजे. पेट्रोलच्या लाइनपासून तर ३५ मिमीच्या आत पाइप जाऊच द्यायचा नाही, ते केंद्रीय मोटार वाहन नियमातच लिहिलेलं आहे, नियम ११३.

बंपर कापू नको. रिसीव्हरवर सायकलींचं वजन आहे, उद्या चिखलात फसला तर तिथूनच गाडी ओढशील, त्याच्या आडव्या पाइपला ग्राइंडर लावला की गेला भरोसा. कापायचं तर सायलेन्सरचा पाइप काप. तुझा मफलर गोल आहे का चपटा? गोल असंल तर तो विकून चपटा घे, आडवा बसव, टिप उजव्या कोपऱ्यातून काढ. प्रत्येक वाकणाला मँड्रेल बेंड (आतून आधार देऊन वाकवलेला पाइप) वापर, पाइप चेपून वाकवला की आतला रस्ता लहान होते अन् मग कॅट-बॅक घेऊन काय उपयोग.

आधी फक्त टॅक (वेल्डिंगचे छोटे टिपके) मारायचे. मग मागं दोन माणसं बसवून चारपाच स्पीड ब्रेकर अन् एखादा खराब रोड. लहान पोरांची खेळायची चिकणमाती पाइप अन् एक्सलच्या मधात चिकटवून ठेव, परत येऊन ती किती चेपली ते पाहून घे. माती चेपून पापड झाली असंल तर पाइप उचलायचा. हे सारं झाल्यावरच खोलून फुल वेल्डिंग, तेही आर्गन वायूनं, पाइपमधे आतून आर्गन सोडून, नाहीतर आतल्या बाजूनं सांधा काळा पडून तिथूनच खराब होते. हँगर कंपनीच्याच जागेवर ठेव, रिसीव्हरला टांगू नको, नाहीतर सारा बंपर गुणगुणते. मागचा तुकडा व्ही-बँड क्लॅम्पनं जोड म्हणजे उद्या काढता येते.

गाडीवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं. अन् जेरी कॅन उतरवायचा, रिकामा असला तरी. रिकाम्या कॅनमधल्या वाफेलेच जास्त भ्यायचं असते.

नियमवाले_काका
डावीकडून काढायचा विचार सोडून दे बाळा. नियम ११२ प्रमाणे धूर खालच्या दिशेला किंवा गाडीच्या डाव्या बाजूला सोडता येत नाही, मागं, वर किंवा उजवीकडं. डावीकडं फुटपाथ असतो, माणसं उभी असतात, साधी गोष्ट आहे.

नियम बाजूला ठेव, दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. जिम्नीसारख्या चौकोनी डब्याच्या मागं चालत्या गाडीत हवेची पोकळी तयार होते, ती आसपासचा धूर ओढून घेते. पाइप बंपरच्या आत संपला तर हा धूर गाडीखाली घुटमळतो आणि मागच्या दाराच्या रबरातून, वायरीच्या भोकातून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो रे. मागं बसलेलं पोरगं झोपलं आहे असंच वाटतं. टिप बंपरच्या कडेच्या बाहेर थोडी तरी निघालीच पाहिजे. तुझी दोन बोटं आत आहे ना, तीच मला सगळ्यात जास्त खटकली.

आणि आवाजाचं बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) मधे २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळेस १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. नागपुरात बुलेटवाल्यांच्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरलेला पाहिलाच असशील. कॅरिअर लावल्यावर मागची नंबर प्लेट आणि दिवे झाकले जातात का तेही एकदा मागं उभं राहून बघ.

टर्रीपोहा
काका आले की धाग्यातली सारी हौस निघून जाते 😅 पण धुराचं बरोबर आहे, आमच्या मामाच्या जुन्या व्हॅनमधे मागं बसलं की डोकं धरायचं, आम्ही म्हणायचो गाडी लागते.

जिम्नीवाला_४९
आठ दिवसांनी अपडेट. माझा मफलर गोलच निघाला. अर्ध्या किमतीत एका थारवाल्याले विकला, चपटा घेतला, वाडीला जाऊन खड्ड्यावर काम केलं. आर्गनवाले भाऊ, तुमची माती लय कामाची. पहिल्या चकरेतच एक्सलच्या वरची पार चपटी झाली होती, पाइप उचलून परत टॅक केला. टिप आता उजव्या कोपऱ्यातून अंगठाभर बाहेर आहे. सायकली उलट्या लावल्या, चाक टिपपासून दोन हात लांब गेलं. ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर हे सुचलंच नसतं.

आता दोन नवीन तक्रारी. एक, रिव्हर्स टाकला की पार्किंग सेन्सर उगाच टीं टीं करून राहिला, मागं काहीच नसते. दोन, समृद्धीवर नेली होती, शंभरच्या आसपास तीन हजार आरपीएमले डोक्यात घूंऽऽ होते. बायको जालन्यापर्यंत बोलली नाही.

वाडीचा_आर्गनवाला
सेन्सरला टिपच दिसून राहिली. लोखंडी बंपर लावताना सेन्सर खाली सरकवले असतील. टिप एक बोट आत घे, पण कडेच्या बाहेर राहिलीच पाहिजे, काका रागावतील. नाही जमलं तर तो सेन्सर थोडा वर घ्या.

घूं चं गणित सोपं आहे. चार सिलिंडरला तीन हजारावर सेकंदाला शंभर स्फोट होतात, तोच आवाज डब्यात घुमते. मधला रेझोनेटर (घुमणारा आवाज मारणारा छोटा डबा) काढून टाकला का? किटमधे सरळ पाइप येते, लोक तोच लावतात. आवाज मारायला बाजूची बंद नळी पण लावता येते पण या आवाजासाठी ती मीटरभर लागंल, अन् रिसीव्हर-जेरी कॅनच्या गर्दीत मीटरभर नळी कुठं कोंबणार.

जिम्नीवाला_४९
हौ, रेझोनेटर काढला. घरीच पडला आहे, बायकोनं त्याच्यावर कुंडी ठेवली.

वाडीचा_आर्गनवाला
कुंडी उतरवा अन् शनिवारी घेऊन या. सकाळी या, दुपारी खड्ड्यात उतरवत नाही.