पसंती वेगळी, आकलन वेगळं

‘मुलांनाच विचारा, त्यांना चांगलं व्याख्यानच हवं असतं,’ असं कॉलेजातल्या शिकवण्याबद्दल बोलताना म्हटलं जातं, आणि ते खरं आहे. पण व्याख्यानातून जास्त समजतं, असं त्यावरून ठरत नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमावर नेमकं हेच तपासलं होतं, निष्कर्ष २०१९ साली आले. टिपणं सर्वांना तीच. एका गटाला अनुभवी शिक्षकाचं घोटीव व्याख्यान. दुसऱ्या गटातल्या मुलांनी आधी आपापसांत चर्चा करून गणितं सोडवायची, मग शिक्षक उकल दाखवणार. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल. चाचणीत स्वतः झगडलेली मुलं पुढे राहिली, पण ‘आज खूप शिकलो’ असं मात्र व्याख्यान ऐकलेल्यांनाच जास्त वाटलं!

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ओघवतं बोलणं ऐकताना सगळं सोपं भासतं. स्वतः अडखळताना आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं, आणि डोकं खरं तेव्हाच चालत असतं. आपल्या कॉलेजांत कुणी ही आधी मुलांनीच सोडवून पाहायची पद्धत सुरू करणार असेल, तर त्यांनी हा प्रयोग मुलांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगावा. नाहीतर फीडबॅक फॉर्ममध्ये ‘सर शिकवतच नाहीत’ असं येतं आणि चांगले शिक्षक पुन्हा फळ्याकडे वळतात.