जिल्हा परिषद शाळेची सहल श्रीहरिकोट्याला : प्रक्षेपण दाखवायला न्यावी की नाही?

बेंबळाकाठ (धागाकर्ता)

दिवाळीनंतर सहलीचा विषय निघाला की आता अजिंठा-वेरूळच्या जोडीला श्रीहरिकोट्याचेही नाव येते. मुलांना रॉकेट उडताना दाखवा, असे पालकच म्हणतात. मागणी चांगली आहे. तरीही माझे ठाम मत आहे, की खेड्यातल्या शाळेने प्रक्षेपणाच्या तारखेवर सहल बांधू नये.

आंध्रात श्रीहरिकोट्याला असलेल्या सतीश धवन अंतराळ केंद्रात सामान्य लोकांसाठीची प्रेक्षक गॅलरी २०१९ साली सुरू झाली. १ एप्रिल २०१९ ला इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचे, म्हणजे पीएसएलव्ही-सी४५ चे उड्डाण लोकांनी तिथून पाहिले. नोंदणी ऑनलाइन असते आणि प्रत्येक मोहिमेसाठी वेगळी, तीही तारीख पक्की झाल्यावर थोडेच दिवस आधी खुली होते. गाजलेल्या मोहिमेच्या जागा बघता बघता संपतात. नोंदणी माणशी असल्यामुळे चाळीस मुलांचे चाळीस अर्ज भरावे लागतात, आणि आपल्याकडे भर दुपारी नेटवर्क गेले की पान तिथेच अडकते.

रेल्वेचे आरक्षण मात्र ६० दिवस आधी उघडते आणि चांगल्या गाडीत एकगठ्ठा जागा पहिल्या काही दिवसांतच मिळतात. म्हणजे तिकीट काढायच्या वेळी तारीख ठाऊक नसते, आणि तारीख कळते तेव्हा तिकीट मिळत नाही.

त्यावर प्रक्षेपण पुढे ढकलले जाण्याची टांगती तलवार असतेच. १५ जुलै २०१९ ला पहाटे २.५१ ला चांद्रयान-२ उडायचे होते. ५६ मिनिटे २४ सेकंद उरले असताना उलटी गणती थांबवली आणि यान गेले २२ जुलैला. डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्ही-सी५९ तासाभराहून कमी वेळ उरला असताना एका दिवसाने पुढे गेले. तंत्रज्ञांनी केले ते योग्यच केले, शंका असताना कोण उडवेल? पण परतीची तिकिटे हातात असलेल्या चाळीस मुलांना घेऊन शिक्षकाने श्रीहरिकोट्याजवळच्या सुल्लुरपेट्यात काय करायचे?

वैनगंगा पल्याड

सर, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही. तुम्ही एकाच दिवसाचा हिशोब मांडता. सहल चार-पाच दिवसांची आखा आणि प्रक्षेपण त्यातला एक भाग ठेवा, मग तारीख हलली तरी सहल बुडत नाही. गॅलरीच्या परिसरातच अंतराळ संग्रहालय आणि रॉकेट गार्डन आहे. सुल्लुरपेट्याहून श्रीहरिकोटा बेटावर जाणारा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो. हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, जवळच नेलपट्टूचे पक्षी अभयारण्य आहे. चेन्नई दोन-अडीच तासांवर, तिथे बिर्ला तारांगण आहे आणि समुद्रही. आपल्या जिल्ह्यातल्या किती मुलांनी समुद्र पाहिलाय?

दुसरे म्हणजे, टीव्हीवर दिसणारे आणि तिथे अंगावर येणारे यांत फार फरक आहे. ज्योत आधी दिसते आणि त्या वेळी सगळे शांत असते. रॉकेट बरेच वर गेल्यावर आवाज येतो, तोही कडाडत, छातीत धडधडत. मुलांना घड्याळ लावून बसवायचे. धूर दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर प्रक्षेपण तळ दूर. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, हे आठवीच्या पुस्तकातून घोकून घेण्यापेक्षा असे मोजून कळलेले बरे.

बल्लारशाह फलाट

रेल्वेचे सांगतो. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाहला थांबते आणि पुढे विजयवाडा, नेल्लोरवरून गुडूरला. श्रीहरिकोट्याचे स्टेशन सुल्लुरपेटा, ते गुडूर आणि चेन्नईच्या मधे पडते. लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे मोजक्याच थांबतात. म्हणून एकतर गुडूरला उतरून पॅसेंजर पकडा, नाहीतर सरळ चेन्नईला जाऊन तिथून लोकलने मागे या. मुले, बॅगा आणि पहाटेची वेळ असेल तर दुसरा मार्ग लांबचा असूनही मी तोच सुचवेन, कारण गुडूरला गाडी भल्या पहाटे पोचते आणि झोपेतल्या मुलांना थोडक्या मिनिटांत उतरवताना एखादे मागे राहण्याची भीती खरी आहे.

सवलतीत बहुतेक शाळा फसतात. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळेच्या मुलांना वर्षातून एका अभ्यास सहलीसाठी ७५ टक्के सवलत आहे, पण ती द्वितीय श्रेणीत. स्लीपरला विद्यार्थ्यांची सवलत ५० टक्के. नागपूर ते चेन्नई अठरा-वीस तासांचा प्रवास आहे. ७५ टक्क्यांच्या मोहात मुलांना रात्रभर बसवून नेले की दुसऱ्या दिवशी उन्हात ती पेंगतात आणि रॉकेटच्या वेळी चिडचिड करतात. स्लीपरच काढा. सवलत ऑनलाइन तिकिटावर मिळत नाही, मुख्याध्यापकांचा विहित नमुन्यातला दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर जावे लागते. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रे त्याआधी हातात हवीत, कारण परराज्यातली सहल म्हटली की फाइल रेंगाळते.

कोरडवाहू

गुरुजी, तुमचं अन् ताईचं दोघायचंबी बरोबर हाय, पण पैशाचं कोनी बोलून नाई रायलं. डिसेंबरात कापसाची वेचनी रायते. सहलीचे पैसे पयल्या वेचनीच्या इक्रीतूनच निंगतात. तारीख एक दिवस फुडं गेली त लॉज वाढला, दोन टायमाचं जेवन वाढलं, परतीचं तिकीट गेलं. थो खर्च कोन भरन? मास्तर का पालक? हे आधी कागदावर ठरवा, मंग पोट्टे न्या. नाईतर ज्याच्याजवळ पैसा हाय त्याचेच लेकरं जातीन अन् बाकीचे घरी मोबाइलवर पाहीन.

बेंबळाकाठ

भाऊंनी नेमके दुखणे सांगितले. वैनगंगाताई, तुमच्या चार-पाच दिवसांच्या बेतात हाच खर्च दडलेला आहे.

शिवाय ढग. आपल्या सहली नोव्हेंबर ते जानेवारी. त्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. ढग हजार मीटरवर असतील तर पीएसएलव्ही पंधरा-वीस सेकंदांत त्यात शिरते. आवाज पोचेपर्यंत रॉकेट दिसेनासे झालेले असते. आकाश निरभ्र असेल तरी डोळ्यांना मजा दोन-तीन मिनिटांची. पहिला टप्पा पावणेदोन मिनिटांच्या आसपास संपतो, पुढे फक्त ठिपका. यान खरोखर कक्षेत गेले की नाही, ते बऱ्याच वेळाने पडद्यावर कळते. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ चे झाले तेच. खालून उड्डाण झकास दिसले, तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन मोहीम अपयशी झाली.

वैनगंगा पल्याड

मग अपयशही मुलांनी पाहावे की! १० ऑगस्ट १९७९ ला इस्रोच्या एसएलव्ही-३ रॉकेटचे पहिले उड्डाण फसले, १८ जुलै १९८० ला दुसरे जमले, आणि २९ जानेवारी २०२५ ला जीएसएलव्ही-एफ१५ या रॉकेटने त्याच बेटावरचे शंभरावे प्रक्षेपण झाले. हे तिथल्या जमिनीवर उभे राहून सांगता येते, तसे वर्गात सांगता येत नाही.

डिसेंबर मोकळा जातो असेही नाही. २०२४ च्या डिसेंबरातच दोन उड्डाणे झाली. ५ तारखेला सी५९, दुपारी ४.०४ ला. ३० तारखेला सी६०, रात्री १० ला. मी फक्त दिवसाचे प्रक्षेपण घेईन. रात्रीचा उजेड डोळे दिपवणारा असतो, मान्य, पण नंतर सगळी गर्दी एकाच रस्त्याने सुल्लुरपेट्याकडे निघते, अंतर अठरा-एक किलोमीटर, आणि अंधारात मुलांची मोजदाद करत बसावे लागते. प्रत्येकाजवळ पासची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र हवे. मुलांच्या आधारवरचे नाव आणि अर्जातले नाव एकच आहे का, हे घरीच ताडून पाहा. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे नाव असलेली मुले प्रत्येक वर्गात दोन-चार निघतातच.

लोणारवाट

इथे सगळे श्रीहरिकोट्यालाच अडकून बसले आहेत. अंतराळ आपल्या दारात येऊन पडलेले आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळते पट्टे गेले आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचे मोठे कडे पडले, आसपास गोळेही सापडले. तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणे तो चिनी चांग झेंग ३बी रॉकेटच्या टप्प्याचा अवशेष होता. चंद्रपूरच्या मुलांना कक्षा, वेग, वातावरणातले घर्षण शिकवायला याहून जवळचा धडा कोणता? लोणारचे विवरही उल्काघाताचेच, पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचे, बेसाल्टच्या काळ्या खडकात. नागपूरला रामन विज्ञान केंद्र आणि तारांगण. एसटी शालेय सहलीला अर्ध्या भाड्यात मिळते, आणि यातले काहीही पुढे ढकलले जात नाही.

रॉकेटच हवे तर शाळेच्या मैदानात उडवा. शीतपेयाची दोन लिटरची बाटली घ्या. मिनरल पाण्याची पातळ बाटली नको, ती फुगून फाटते. एक तृतीयांश पाणी भरा. रबरी बुचाला सायकल ट्यूबचा व्हॉल्व्ह आरपार बसवा, बूच घट्ट दाबा, बाटली उलटी उभी करून पंपाने हवा भरा. पाणी जास्त झाले तर हवेला जागा उरत नाही, बाटली जड राहते आणि दोन पुरुष उंचीवरून परत येते. कमी झाले तर खाली फेकायला पाणीच नाही, ती फुसकन उडून संपते. पुठ्ठ्याचे तीन पंख सारख्या कोनात लावले नाहीत तर ती आडवी धावते. पंख चिकटपट्टीने लावा, गरम गोंदाने बाटलीचे प्लास्टिक मऊ पडते आणि नेमके तिथेच फुटते. मुले दहा मीटर मागे, पंप मारणाऱ्याच्या डोळ्यांना चष्मा, आणि बूच सुटले नाही म्हणून वाकून बघायला कोणीही जायचे नाही.

वैनगंगा पल्याड

बाटली जरूर उडवा, मी विरोधात नाही. पण गरीब शाळेला बाटली आणि शहरातल्या शाळेला श्रीहरिकोटा, ही वाटणी मला मान्य नाही.

बल्लारशाह फलाट

ताई, त्याला एक सरळ वाट आहे, तिचा कोणी उल्लेखच केला नाही. इस्रोचा युविका (युवा विज्ञानी) कार्यक्रम २०१९ पासून नववीच्या मुलांसाठी चालतो. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, कार्यक्रम मेमध्ये, दोन आठवडे निवासी. प्रवास, राहणे, जेवण इस्रो देते. निवडीत आठवीच्या गुणांना ५० टक्के वजन आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेच्या मुलाला १५ टक्के. बाकी गुण विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, खेळ, स्काऊट आणि ऑनलाइन चाचणीचे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे प्रमाणपत्र आठवीतच जपून ठेवायला सांगा, अर्जाच्या वेळी तेच सापडत नाही.

बेंबळाकाठ

युविकात जिल्ह्यातून एखाददुसरे मूल जाईल. उरलेल्यांसाठी माझे मत तेच : सहल नागपूर-लोणारची, आणि श्रीहरिकोट्याला ज्यांना जमेल त्यांनी घरच्यांबरोबर, सुट्टीत, दोन दिवस हातात राखून जावे.

वैनगंगा पल्याड

घरच्यांबरोबर कोण जाणार आहे, सर? शेतमजुराचे मूल तर नक्कीच नाही. नववीची पंधरा मुले आणि दोन शिक्षक एवढाच गट न्या. पंधरा अर्ज भरता येतात, पंधरा बर्थ मिळतात, आणि वाढीव दोन दिवसांचा खर्च ग्रामपंचायतीकडून किंवा गावच्या वर्गणीतून आधीच बाजूला काढता येतो.

कोरडवाहू

हे जमते. पन पंधरा पोट्टे मास्तरनं निवडू नये. चिठ्ठ्या टाका, साऱ्या गावासमोर.