परदेशात रात्रभराचा लेओव्हर, तोही एकटीने: सुरक्षित आणि शांत कसं राहायचं? (सल्ला हवा)

निशिगंध
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच एकटीने परदेशी चाललेय आणि मध्ये एका अनोळखी विमानतळावर रात्रभराचा लेओव्हर आहे. तिकीट एकाच पीएनआरवर आहे, पण दुसऱ्या फ्लाइटचं टर्मिनल वेगळं दिसतंय. विमानाची भीती नाही, पण गर्दीत असले आणि अनाउन्समेंट नीट कळली नाही की छातीत धडधडायला लागतं, हात गार पडतात आणि मग समोरची पाटी वाचूनही डोक्यात शिरत नाही. झोप लागली आणि फ्लाइट गेली तर? पासपोर्ट हरवला तर? कोणी मागे लागलं तर? बाहेर शहरात जायचा विचार नाहीये. ज्यांनी असे लेओव्हर केलेत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, आधी काय करायचं, झोपायचं कुठे, आणि धडधडायला लागलं तर तिथे एकटीने काय करायचं. घरी विषय काढला की सगळे माझ्याहून जास्त काळजीत पडतात म्हणून इथे विचारतेय.

पाऊलवाट
एकच पीएनआर आहे ना, मग निम्मी काळजी इथेच सोडून दे. पहिलं विमान लेट झालं आणि पुढचं चुकलं तर दुसऱ्या विमानात बसवून देणं एअरलाइनचं काम आहे, वेगवेगळी तिकिटं असती तर ते तुझ्या गळ्यात पडलं असतं.

निघताना चेक-इन काउंटरवर घाई न करता विचार की दोन्ही बोर्डिंग पास इथेच मिळणार का, बॅग थेट शेवटपर्यंत जाणार का आणि मध्ये कुठे इमिग्रेशन आहे का. बॅगेला पट्टी लावतात तिच्यावर मोठ्या ठशात तीन अक्षरी कोड असतो, तो शेवटच्या विमानतळाचा आहे ना हे बॅग आत सरकायच्या आधी वाच, आणि त्या पट्टीचा छोटा तुकडा तुला देतात त्याचा फोटो काढून ठेव. बॅग आली नाही तर त्याच नंबरवर शोधतात.

अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणजे आपल्या पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागतोच, आणि बॅगही सहसा स्वतः उचलून परत द्यावी लागते. युरोपात पुढचं विमान शेंगेनमधल्याच (म्हणजे आपापसात पासपोर्ट तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) दुसऱ्या शहरात जाणारं असेल तर इमिग्रेशन पहिल्याच विमानतळावर होतं, म्हणजे फ्रँकफर्टहून म्युनिकला जायचं असेल तर फ्रँकफर्टलाच. रांगेचा तो वेळ धरायला लोक विसरतात.

आणि तिकिटावर शहराचं नाव नको बघू, कोड बघ. टोकियोत हानेदा आणि नारिता वेगळे, लंडनमध्ये हीथ्रो आणि गॅटविक वेगळे, इस्तंबूलला तर एक विमानतळ युरोपच्या बाजूला आणि दुसरा, साबिहा गोकचेन, आशियाच्या बाजूला. तुझं फक्त टर्मिनल बदलतंय याची एकदा खात्री करून घे.

रानवारा
वरच्या सगळ्याला अनुमोदन. माझा एकच नियम आहे आणि तो मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. उतरल्यावर आधी पुढचं गेट बघायचं, बाकी सगळं नंतर. वॉशरूम सोडलं तर कॉफी नाही, दुकानं नाहीत, खुर्चीत टेकणं नाही. ट्रान्सफरच्या पाट्या धरायच्या (हीथ्रोला त्या जांभळ्या आहेत, फ्लाइट कनेक्शन्सच्या), सिक्युरिटी लागली तर ती उरकायची, टर्मिनल बदलून टाकायचं आणि स्क्रीनवर आपला फ्लाइट नंबर डोळ्यांनी बघायचा. गेट नंबर लागला नसेल तर निदान त्या भागात जाऊन पोचायचं, कारण बऱ्याच ठिकाणी गेट तासभर आधीच कळतं आणि काही विमानतळांवर गेटपर्यंत शटल ट्रेनने जावं लागतं, पॅरिसच्या शार्ल द गोलला टू-ई मध्ये एल आणि एम गेट्सना तसंच आहे. रात्र अख्खी हातात असली तरी हे आधीच करायचं. वाट एकदा पायाखालून गेली की पहाटे अर्धवट झोपेत चुकत नाही.

अनाउन्समेंटचं टेन्शन तर घेऊच नका, हल्ली बरेच मोठे विमानतळ मुद्दामच अनाउन्समेंट कमी ठेवतात. त्यामुळे कानांवर नाही, स्क्रीनवर अवलंबून राहा. एअरलाइनचं अ‍ॅप घरूनच टाकून लॉगिन करून ठेवा, कारण काही ठिकाणी फुकट वायफायला फोनवर ओटीपी लागतो आणि रोमिंग नसेल तर तो येतच नाही. बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट आणि एक कागदी प्रत, दोन्ही जवळ असू द्या.

रात्रीच्या फ्लाइटला तारीख नीट वाचा. १५ तारखेला ००:३० ची फ्लाइट म्हणजे १४ तारखेच्या रात्रीच विमानतळावर असायचं. शिवाय फोन एअरप्लेन मोडवर राहिला तर घड्याळ जुनीच वेळ दाखवत राहतं, तेव्हा अलार्म लावायच्या आधी विमानतळाच्या घड्याळाशी ताडून बघा. आणि अलार्म सुटायच्या वेळेचा नको, बोर्डिंगच्या वेळेचा लावा, लांबच्या विमानांचं बोर्डिंग बऱ्याचदा तासभर आधी सुरू होतं आणि गेट १५-२० मिनिटं आधी बंद होतं.

खिडकीपाशी
ताई, मी बाई म्हणून झोपायचं आणि सेफ्टीचं सांगते.

परवडत असेल तर सिक्युरिटीच्या आत असलेलं ट्रान्झिट हॉटेल बघा. दोहाला ओरिक्स आहे, अ‍ॅमस्टरडॅमला योटेलएअर आहे, खोली काही तासांपुरतीही मिळते. बुक करताना 'एअरसाइड' शब्द आहे ना ते बघा, नाहीतर हॉटेल इमिग्रेशनच्या बाहेर निघतं आणि व्हिसा नसेल तर तिथे जाताच येत नाही. लेओव्हर लांब असेल तर काही एअरलाइन्स स्वतःच हॉटेल देतात, आधी विचारून तर बघा. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर बिनपैशाच्या आडव्या होता येतील अशा खुर्च्या आहेत, बाकीही मोठ्या ठिकाणी क्वाएट रूम किंवा तसे कोपरे असतात.

खुर्चीतच झोपायचं असेल तर कोपरा शोधू नका. शांत कोपरा बरा वाटतो पण एकटीसाठी उजेडातली, कॅमेऱ्याखालची, जिथे मुलंबाळं घेऊन कुटुंबं पथारी टाकून बसलीत अशी जागा चांगली. पाठ भिंतीला लावायची. पासपोर्ट, पैसे, एक कार्ड हे कपड्यांच्या आतल्या पाऊचमध्ये, दुसरं कार्ड सॅकमध्ये वेगळं. सॅकचा पट्टा पायात अडकवून सॅक पोटाशी किंवा डोक्याखाली. फोन व्हायब्रेटवर ठेवून अंगाखाली, म्हणजे अलार्म ऐकू आला नाही तरी जाग येते. हवेत गारठा असतो, एक जाड ओढणी किंवा शाल हवीच, ती डोक्यावरून घेतली की उजेडही लागत नाही.

लोकांचं म्हणाल तर कोणी कितीही गयावया केली तरी 'जरा ही पिशवी विमानात न्याल का, दोन मिनिटं सांभाळाल का' याला उत्तर नाही म्हणजे नाहीच, म्हातारं माणूस असलं तरी. वाईट वाटेल, वाटू दे. पासपोर्ट फक्त काउंटरमागच्या माणसाच्या हातात द्यायचा, फिरत येऊन मागणाऱ्याला आधी आयडी विचारा आणि 'चला, डेस्कवर जाऊन दाखवते' म्हणा, खरा कर्मचारी असेल तो हरकत घेणार नाही. गप्पा मारणाऱ्याला आपण एकटी आहोत, कुठल्या हॉटेलात उतरणार हे सांगायची गरज नाही, 'नवरा पुढे गेटपाशी आहे' एवढं बास. अस्वस्थ वाटलं तर उठून सरळ एखाद्या चालू काउंटरसमोर जाऊन उभं राहायचं. कोणाला काय वाटेल हा विचार तिथे अजिबात करायचा नाही.

दीपमाळ
मला स्वतःला पॅनिक अटॅक येतात म्हणून शेवटच्या प्रश्नाचं लिहिते.

तो आला की वाटतं हे आता थांबणारच नाही, पण साधारण दहाएक मिनिटांत तो टोकाला जाऊन उतरायला लागतो. तेवढा वेळ काढायचाय इतकंच काम. चालत असशील तर आधी बाजूला हो, भिंतीला टेक, सॅक पायात ठेव. नाकाने चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, बाहेरचा लांब हवा. 'खोल श्वास घे' म्हणतात लोक, पण घाबरलं असताना ओढून ओढून श्वास घेतला तर चक्कर जास्त येते, भर सोडण्यावर दे. मग डोळ्यांना काम दे, दिसणाऱ्या पाच वस्तू मनात नावं घेऊन मोज, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज. मनगटावर गार पाणी सोडलं की मला फार बरं वाटतं.

तू लिहिलंस ना की पाटी वाचूनही डोक्यात शिरत नाही, त्यासाठी एक कार्ड लिहून ठेव, कागदाचंच. फ्लाइट नंबर, टर्मिनल, बोर्डिंगची वेळ, घरचा नंबर आणि खाली इंग्रजीत एक वाक्य, 'मला घाबरायला होतंय, कृपया मला या गेटपर्यंत पोचवा'. बोलायला सुचलं नाही तर कार्ड नुसतं पुढे करायचं.

अजून एक, बऱ्याच जणांना माहीत नसतं. हिरव्या पट्ट्यावर पिवळी सूर्यफुलं असलेली एक गळ्यातली लेस असते, सनफ्लॉवर लॅनयार्ड. २०१६ मध्ये गॅटविकला सुरू झाली, आता बऱ्याच देशांतले विमानतळ ती ओळखतात. बाहेरून न दिसणारा त्रास आहे, थोडं सबुरीने घ्या, असं त्यातून स्टाफला कळतं. अँग्झायटीसाठीही चालते. रांग चुकतेच असं नाही, पण समोरचा माणूस हळू बोलतो, पुन्हा सांगतो. तुझ्या विमानतळावर आहे का ते वेबसाइटवर बघ. असिस्टन्सही मागता येतो, विमानाच्या निदान ४८ तास आधी एअरलाइनला कळव, ते सोबत माणूस देतात. यात लाजण्यासारखं काहीही नाही.

कॉफी मात्र कमी, ती धडधड वाढवते. आणि छातीत दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं तर पॅनिकच असेल म्हणून बसून राहू नकोस, जवळच्या कुठल्याही कर्मचाऱ्याला सांग, मोठ्या विमानतळांवर मेडिकल सेंटर असतं.

निशिगंध
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, कार्ड आजच लिहून ठेवते. अजून दोन शंका. गोळ्या आणि पॉवरबँक हँडबॅगेत चालतं का? आणि विमान खूपच लेट झालं तर आपण काय मागू शकतो?

पाऊलवाट
पॉवरबँक हँडबॅगेतच हवी, चेक-इनमध्ये चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही, २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते. चार्जिंगला स्वतःचा प्लग वापर, सार्वजनिक यूएसबी पोर्टात फोन लावू नको. दोहा, दुबई, सिंगापूर, लंडन इथे तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, युरोपात बहुतेक ठिकाणी दोन गोल पिनांचा.

गोळ्या मूळ पाकिटात आणि सोबत डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, त्यावर औषधाचं मूळ नाव असलेलं. अमिरातीत कोडीन, ट्रामाडोलसारख्या औषधांवर कडक निर्बंध आहेत. अँग्झायटीच्या गोळ्या घेत असशील तर त्या देशाच्या सरकारी साइटवर यादी आधीच बघून घे. पातळ औषध किंवा पाणी १०० मिलीच्या वर असेल तर मधल्या सिक्युरिटीला अडवू शकतात. ड्युटी फ्रीची सीलबंद पिशवी शेवटच्या विमानात बसेपर्यंत फोडू नको.

लेट झालं तर नियम देशागणिक वेगळे. युरोपियन युनियनमधून उडणारं विमान असेल, मग एअरलाइन कुठलीही असो, तर लांबच्या फ्लाइटला ४ तासांच्या वर उशीर झाला की खाणंपिणं आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल द्यावं लागतं. ते स्वतःहून सांगतीलच असं नाही, ट्रान्सफर डेस्कवर जाऊन माग. तिथे लांब रांग असेल तर रांगेत उभं राहूनच हेल्पलाइनला फोन लाव आणि अ‍ॅपवर चॅटही उघड, जिथे आधी उत्तर मिळेल तिथे तिकीट बदलून घे. बॅग नाही आली तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी काउंटरवर लेखी तक्रार करून नंबर घे, बॅग फाटली असेल तर लेखी तक्रारीला ७ दिवसांचीच मुदत असते.

निशिगंध
गोळ्यांची यादी आज रात्रीच बघते. एअरलाइनला असिस्टन्सचा मेल आत्ता पाठवला, उत्तर आलं की इथे लिहीन.